बांद्याचं तिकीट

जुलैचा शेवटचा आठवडा होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि आमच्या कुडाळच्या ओपीडीत व्यसनमुक्तीचे पेशंट वाढतात. हाताला काम नाही आणि गोव्याची स्वस्त दारू तासाभराच्या अंतरावर.

दुपारी मालवणचा एक तांडेल, होडीवरचा म्होरक्या, दारात येऊन उभा राहिला. भिजलेला. चार वर्षं दारूला न शिवलेला माणूस. हातात एसटीचं तिकीट, मालवण ते बांदा. बांदा संपलं की गोवा. तो मधेच कुडाळला उतरला होता.

"मॅडम, पयल्या वर्सा सगळो गाव इचारी. आता कोण इचारणत नाय."

मग त्याने कालनिर्णयचं सांगितलं. बायको रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या चौकोनात कुंकवाचा टिपका लावायची. तो दारू सोडायची गोळी घ्यायचा तेव्हापासूनची ही सवय. गोळीवर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, म्हणून आम्ही ती घरच्यांसमोर घ्यायला सांगतो. दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी गोळी बंद केली, पण टिपके चालू राहिले. यंदा बंदीत घरी बसल्यावर त्याने पानं उलटली. एप्रिलपासून सगळे चौकोन कोरे.

मी तिला फोन लावला. ती गोंधळून म्हणाली, "टिपके कित्याक आता? ते बरे झाले ना!"

तिला काय बोलणार? माझ्या रजिस्टरातही तेच होतं. तीन वर्षं पूर्ण झाली म्हणून त्याच्या नावाखाली मीच रेघ मारली होती, फोन बंद केले होते. पहिल्या सहा महिन्यांतली तडफड सगळ्यांना दिसते. चौथ्या वर्षी घरातलं भांडण थांबलेलं असतं, कर्ज फिटत आलेलं असतं, आणि न पिणं ही कुणाच्या लेखी बातमीच उरत नाही. मी त्याला सरळ सांगितलं, चूक माझी आहे. तो मान खाली घालून तिकिटाची सुरळी करत राहिला.

बाहेर बाकावर एक तरुण खलाशी बसला होता. दारू सोडून तिसरा दिवस. हात इतके थरथरत होते की चहा बशीत सांडत होता. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बऱ्या झालेल्या माणसांच्या हाती पुढच्यांना सोपवलं जातं, ते आठवलं. मी तांडेलाला म्हटलं, "जरा त्याच्यापाशी बसता काय?"

तो बसला. काही बोलला नाही. पोराच्या हातातला कप घेतला, अर्धा चहा दुसऱ्या कपात ओतला आणि अर्धा कप त्याच्या दोन्ही हातांत धरवला. अर्धा कप सांडत नाही, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

साडेचारच्या मालवण गाडीला निघताना तो परत आत डोकावला.

"तो पोरगो परत कधी येतलो?"

"गुरुवारी."

"मगे मी पण गुरुवारी येतंय."