इंजिनरूममधून पाहिलेला 'एलियन'

माझगावला राहतो, मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढलं. त्यामुळे रिडली स्कॉटचा १९७९ सालचा 'एलियन' हा चित्रपट मला परका वाटतच नाही. नॉस्ट्रोमो म्हणजे खनिजाची रिफायनरी ओढत पृथ्वीकडे निघालेलं अंतराळातलं टग, त्यावर सातजण. पार्कर आणि ब्रेट हे इंजिनवाले जेवणाच्या टेबलावरच बोनसचा विषय काढतात. आमच्या मेसमध्येही हेच चालायचं!

खरी मेख जहाजात शिरलेल्या त्या परग्रहावरच्या प्राण्याच्या रक्तात आहे. ते आम्ल आहे, डेकमागून डेक जाळत खाली उतरतं. गोळी घातली तर जहाजालाच भोक. मग शिकार करायची कशी? जाळं, विजेचा झटका देणारी काठी, हालचाल टिपणारं यंत्र, पुढे ज्वाळा फेकणारी बंदूक. कॅप्टन डॅलस हवेच्या बोगद्यात एकटा शिरतो तेव्हा माझे तळहात आजही ओले होतात. जहाजाचा तोल राखणाऱ्या पाण्याच्या बॅलास्ट टाकीत टॉर्च घेऊन उतरलेल्यालाच ते कळेल.

आणि जहाजावरची अधिकारी रिप्ली! क्वारंटाइनचा नियम सांगून तिने प्राणी चिकटलेल्या सहकाऱ्यासाठी दार उघडायला ठाम नकार दिला होता. ते दार विज्ञान अधिकारी ॲशने उघडलं. त्याचा मला अजून राग येतो.