सावली गेली!

मिशिगनमध्ये बर्फ पडला की गोल्फ बंद, म्हणून गॅरेजमध्ये सिम्युलेटर उभा केलाय, म्हणजे पडद्यावर प्रोजेक्टरने गोल्फचं मैदान दाखवायचं आणि त्या पडद्यावर बॉल मारायचा. आजचा अख्खा दिवस प्रोजेक्टरमध्ये गेला. पडदा 10 फूट रुंद. हॉलमधल्या जुन्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.5, म्हणजे तो 15 फुटांवर, माझ्या पाठीमागे. स्विंग घेतला की हिरवळीवर माझीच सावली! शेवटी 0.8 चा शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळूनच मोठं चित्र पाडणारा प्रोजेक्टर घेतला. 8 फुटांवर, छताला, माझ्या थोडा पुढे. पडद्याला खेटून ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो मला पटले नाहीत. पडदा जरा हलला तरी चित्र वेडंवाकडं होतं. आणि लेझरचाच घेतला, दिवा बदलायची कटकट नको. संध्याकाळी लेकीने पहिला बॉल मारला आणि ओरडली, "बाबा, सावली गेली!"