खरडपट्टी कोणी कोणाची काढावी

हिवाळी अधिवेशनासाठी विधिमंडळ नागपुरात आले, की येथील वर्तमानपत्रांत ‘खरडपट्टी’ हा शब्द फार स्वस्त होतो. ‘विरोधकांनी काढली सरकारची खरडपट्टी’ असा मथळा मला दरवर्षी खटकतो. खरडण्यात चिकटून बसलेले काहीतरी ओरबाडून काढणे आहे आणि ते करणाऱ्याचा हात नेहमी वरचा असतो. साहेब कारकुनाची आणि मुख्याध्यापक शिक्षकाची खरडपट्टी काढतात. उलट दिशेने हा शब्द चालत नाही. विरोधक फार तर सरकारला धारेवर धरतात, आणि पुष्कळदा नुसतेच तोंडसुख घेतात.

या शब्दाला क्रियापदही ठरलेले आहे. बोलणी, शिव्या, ओरडा हे सारे खाता येते, पण खरडपट्टी कोणी खात नाही. ती निघते, आणि बहुधा चारचौघांत निघते. एकट्याला बाजूला घेऊन, त्याचे भले व्हावे म्हणून सुनावले तर ती कानउघाडणी.

न्यायालय मात्र ताशेरे ओढते. 1936 मध्ये नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, त्यामुळे हा शब्द आमच्या शहराच्या चांगलाच अंगवळणी पडलेला आहे. सुनावणीत न्यायमूर्तींनी एखाद्या अधिकाऱ्याला तोंडी खडसावले तरी बातमीत ‘ताशेरे’ येतात, हे मला सैल वाटते; निकालपत्रात लिहून आलेल्या प्रतिकूल शेऱ्यांसाठी तो शब्द राखून ठेवावा. या फरकाला व्यवहारात अर्थ आहे. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मोहम्मद नईम या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे शेरे मारण्यापूर्वी तीन गोष्टी पाहण्यास सांगितले: त्या व्यक्तीला बाजू मांडण्याची संधी मिळाली होती का, शेऱ्याला पुराव्याचा आधार आहे का, आणि निकालासाठी तो आवश्यक आहे का. अनाठायी ताशेरे वरिष्ठ न्यायालयाकडून वगळून घेता येतात. साहेबाने काढलेल्या खरडपट्टीवर असे अपील नाही.

घरात यांपैकी एकही शब्द लागत नाही. आमच्याकडे ‘बाबा मले बोलले’ एवढेच सांगतात; काय बोलले, हे ऐकणाराही विचारत नाही.