रविवारचा सूर्य

हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहावे, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा खरे तर इमारत, मैदान, स्नेहसंमेलने, सहली या सर्वांविषयी लिहायचे मी ठरवले होते. परंतु लिहायला बसल्यावर लक्षात आले की माझ्यापुरती शाळा म्हणजे प्रयोगशाळेमागचा कट्टा आणि मधल्या सुट्टीत तिथे दुर्बीण लावणारे विज्ञानाचे सर, एवढीच उरली आहे. बाकीच्या गुरुजनांनी मला क्षमा करावी.

मी नववीत होतो ते १९९० साल. सूर्यावर त्या वर्षी डागांची गर्दी होती. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहण्यास सरांची सक्त बंदी होती. लहान शोधक दुर्बिणीचे टोपणही काढायचे नाही, असा दंडक होता. मोठ्या नळीची जमिनीवरची सावली सर्वांत आखूड झाली की सूर्य सापडला असे समजायचे. मग नेत्रिकेमागच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगामागच्या, पुठ्ठ्यावर पंधरा सेंटिमीटरांची प्रतिमा पडे, आणि आधीच वर्तुळ आखून ठेवलेले वहीचे पान तिच्याखाली धरून प्रत्येक डाग पेन्सिलने जागच्या जागी उतरवायचा. तारीख, वेळ, आकाशाची स्थिती आणि पाहणाऱ्याची सही.

एका आठवड्याअखेरीस सर बाहेरगावी गेले आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे आली. शनिवारची नोंद मी नीट घेतली. रविवारी मात्र शेजारच्या गावी क्रिकेटचा सामना होता. संध्याकाळी घरी आल्यावर मी शनिवारचे पान समोर ठेवले, सूर्य स्वतःभोवती रोज साधारण तेरा अंश फिरतो हे सरांनीच शिकवले होते त्याप्रमाणे सगळे डाग हिशेबाने पुढे सरकवले आणि रविवारचे वर्तुळ भरून टाकले. वेळ लिहिली सकाळी नऊ. आकाश लिहिले निरभ्र.

सोमवारी सरांनी दुर्बीण लावली, तेव्हा सूर्याच्या पूर्वेच्या काठापासून चांगला सेंटिमीटरभर आत डागांचा एक मोठा नवा समूह ठाण मांडून बसला होता. सरांनी वही उघडली, पट्टीने अंतर मोजले आणि एवढेच विचारले, “काय रे, हा काल कुठे होता?” काठापासून सेंटिमीटरभर आत आलेला समूह आदल्या दिवशी काठाच्या आत तीन मिलिमीटरांवर दिसायलाच हवा होता, हे मलाही तत्क्षणी कळले. छडी नाही, वर्गात वाच्यता नाही. माझे चित्र त्यांनी खोडलेसुद्धा नाही; त्याच्याखाली लाल शाईने लिहिले, “हे पाहिलेले नाही.” ती वही सरांनी पुढे मलाच दिली आणि तिची पाने आता पिवळी पडली असली, तरी ती लाल शाई अजून फिकी झालेली नाही.

आज पुण्यात नोकरी सांभाळून मी सूर्याची छायाचित्रे काढतो, तीही कॅल्शियमच्या प्रकाशात. सूर्याच्या वर्णपटात जांभळ्या टोकाला, ३९३.४ नॅनोमीटरवर, आयनीभूत कॅल्शियमची एक रुंद काळी रेषा आहे. तिला ‘के’ रेषा म्हणतात. त्या रेषेभोवतीचा नॅनोमीटरचा जेमतेम चौथा हिस्सा तेवढा आत सोडणारा फिल्टर लावला, की एरवी दिसणाऱ्या प्रकाशगोलाच्या वरचा थर, म्हणजे वर्णगोलाचा खालचा भाग, समोर येतो. सारा सूर्य तीस-तीस हजार किलोमीटरांच्या घरांच्या जाळीने विणलेला दिसतो आणि जिथे चुंबकीय क्षेत्र बळकट असते तिथे डागांभोवती पांढरीशुभ्र ठिगळे उजळतात. डाग उमटण्याआधी ती दिसू लागतात आणि डाग विरल्यावरही बराच काळ टिकतात. सरांच्या प्रयोगातल्या चुन्याच्या निवळीत आणि त्यांच्या बोटांवरच्या खडूत जो कॅल्शियम होता, तोच हा.

माझी दुर्बीण ऐंशी मिलिमीटरांची आणि कॅमेरा कृष्णधवल आहे. गच्चीचा स्लॅब तापण्याआधी, सकाळी नऊच्या आत काम उरकावे लागते, कारण जांभळ्या प्रकाशात हवेची थरथर अधिकच जाणवते. दोन हजार फ्रेम घ्यायच्या, त्यांतल्या कमीत कमी हललेल्या दोनशे निवडून ‘ऑटोस्टॅकर्ट’ या संगणक-प्रणालीत एकावर एक रचायच्या आणि मग चित्राला धार आणायची. खरी परीक्षा इथे असते. शार्पनिंगचा स्लायडर जरा पुढे सरकवला की सूर्यावर नसलेल्या अळ्या वळवळू लागतात, चित्र देखणे होते आणि लोक वाहवा करतात. माझा हात तिथे थबकतो, त्याचे कारण तो रविवार आहे.

कोडाईकनालच्या वेधशाळेने कॅल्शियमच्या प्रकाशातली सूर्याची छायाचित्रे शंभर वर्षे काचांवर आणि फिल्मवर घेतली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ साली बंद झाली, तेव्हा तिचे संचालक नायगमवाला यांची वीस इंची दुर्बीणही कोडाईकनाललाच गेली. कोडाईकनालच्या छायाचित्रांचा तो संग्रह आज जगभरचे अभ्यासक वापरतात. पावसाळ्याचे बरेच दिवस त्यात कोरे आहेत आणि कोरे आहेत म्हणूनच उरलेल्या दिवसांवर विसंबता येते, असे मला वाटते. माझ्याही वहीत जून ते सप्टेंबर बहुतेक पानांवर “ढगाळ” एवढाच शब्द असतो.

कट्ट्यावर आता नव्या इमारतीची सावली पडते आणि सरांची दुर्बीण काचेच्या कपाटात आहे. स्मार्ट बोर्डावर सूर्य केव्हाही, ढगाळ दिवशीही, दिसतो. असो.

२०२४ च्या फेब्रुवारीत सर माझ्याकडे आले होते. वय ऐंशीच्या पुढे. त्या दिवशी कॅमेरा काढून मी मुद्दाम नेत्रिका लावली. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि हा जांभळा प्रकाश अडवते. मलाच आता जेमतेम एक मंद चकती दिसते. सहावीतल्या माझ्या मुलीने मात्र डोक्यावर काळे कापड घेऊन डोळा लावला आणि म्हणाली, “आजोबा, डावीकडे दोन पांढरे ढग आहेत आणि मधे एक लांबट.” सरांनी तिला लगेच वही-पेन्सिल घ्यायला लावली.

नंतर ते स्वतः बराच वेळ नेत्रिकेशी वाकून उभे राहिले. “दिसतंय का, सर?” मी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. मुलीकडून वही घेतली, घड्याळ पाहिले आणि तिच्या चित्राखाली लिहिले, “९ वाजून १० मिनिटे. आकाश निरभ्र. मला दिसले नाही.” आणि सही केली.