खेळण्यात दडलेले सूर

आज दिवसभर हातात सोल्डरिंग आयर्न, म्हणजे धातू वितळवून तारा जोडायचं तापतं अवजार. बॅटरीवर चालणारा खेळण्यातला कीबोर्ड उघडला, आवाजाची गती ठरवणारा रेझिस्टर (विजेचा प्रवाह रोखणारा छोटा भाग) शोधून काढला आणि त्याजागी पोटेन्शिओमीटर, म्हणजे नॉब फिरवून रोध कमीजास्त करता येणारा रेझिस्टर, जोडला. नॉब फिरवत गेले तसं ते चिरकं गाणं उतरत उतरत थेट खर्जात गेलं. काय खोली होती त्या आवाजाला! मग ओलसर बोट सोल्डरच्या दोन टिपक्यांवर ठेवलं. दाब वाढवला की सूर थरथरत बदलायचा, म्हणजे माझी त्वचाच सर्किटचा भाग झाली होती. (हे फक्त बॅटरीवर. प्लगवर चालणाऱ्या वस्तूला असा हात कधीच लावायचा नाही.) खेळण्यांची सर्किट्स अशी बदलून नवे आवाज काढण्याच्या कलेचे, म्हणजे ‘सर्किट बेंडिंग’चे, जनक मानले जाणारे रीड गझाला यांना १९६०च्या दशकात टेबलाच्या खणात शॉर्ट झालेल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून असेच अनोखे आवाज ऐकू आले होते. उद्या एक स्विच बसवायचाय, मूळ सुरावर पटकन परत येता यावं म्हणून.