कोऱ्या वह्या दोनदा

एका स्टेशनरी दुकानाच्या स्टॉक रिपोर्टने आज डोकं खाल्लं. गोडाऊनमध्ये कोऱ्या वह्या ३४०, रिपोर्टमध्ये २१५, आणि खाली स्क्रोल केलं तर परत कोऱ्या वह्या, १२५! अरे पण जावाच्या हॅशमॅपमध्ये (नाव आणि त्याचा आकडा अशा जोड्या ठेवायची जागा) एकच 'की', म्हणजे इथे वस्तूचं नाव, दोनदा येईलच कशी, आकडे एकत्र करणारं मर्ज बरोबर, कडेच्या स्पेस काढणारं ट्रिम लावलेलं, हॅशकोडचा (की शोधायला वापरतात तो आकडा) प्रश्नच नाही कारण ही 'की' म्हणजे साधी स्ट्रिंग, नुसता मजकूर. शेवटी नुसत्या 'कोऱ्या'ची लेंथ (किती कॅरेक्टर आहेत ते) प्रिंट केली तर एक ६ आणि एक ७. म्हणजे एका काउंटरवर थेट ऱ टाइप होतो आणि दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं कॅरेक्टर. स्क्रीनवर डिट्टो सेम, दोन्ही सारखे का ते बघणारं इक्वल्स मात्र फॉल्स. ऑफिसात सगळे म्हणाले नॉर्मलायझर (वेगवेगळ्या प्रकारे टाइप झालेलं तेच अक्षर एकसारखं करणारा) लाव, पण त्यातला एनएफसी हा प्रकार फक्त र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडून ऱ करतो, झेडडब्ल्यूजेला हातसुद्धा लावत नाही, ते मॅपमध्ये टाकायच्या आधी आपणच रिप्लेस करायचं. टेस्ट डेटात सगळं पेन, पेन्सिल, खोडरबर, ऱ कुठेच नाही, मग हे सापडणार कधी :D आता बाकीची नावं बघतोय, 'दोऱ्या' तर तीन निघाल्यात, तिसरीत नुक्तावाला ऱ.