कूलरपासून सांभाळते, माणसांपासून नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या बैठकीतली पुस्तकांची कपाटं पाहिली की घरी येणारं कुणी ना कुणी म्हणतंच, "काकू, एवढी जपता पुस्तकं, मग ज्याला त्याला वाचायला कशी काय देता जी?" सुरात जरा कीवही असते. दिलेलं पुस्तक परत येत नाही, एवढं साधं या बाईला कळत नाही, अशी.

कळतं ना. काही येतच नाहीत. पण नागपुरात पुस्तकं कशाने मरतात ते मी बरीच वर्षं पाहते आहे, आणि त्यात वाचणाऱ्या माणसाचा नंबर फार खाली लागतो. पहिला नंबर कूलरचा.

हसू नका. होळी झाली की आपल्याकडे घरोघरी कूलर खाली निघतात, टाक्या घासल्या जातात, नव्या ताट्या बसतात. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की त्याच्याशिवाय दुपार निघत नाही, तेव्हा लावू नका असं मी कोणत्या तोंडाने सांगू? मीही लावते. पण कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ करून, आणि ती वाफ खोलीतच येते. बाहेर भर दुपारी हवेत २० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, आणि आत कूलरच्या तोंडासमोर आषाढ. आता बहुतेक बैठकीत पुस्तकांचं कपाट कुठे असतं ते आठवा. कूलर खिडकीत, आणि कपाट खिडकीसमोरच्या भिंतीला, कारण तेवढी एकच भिंत मोकळी सापडते. कागद दिवसभर ओल पितो, कूलर बंद झाला की पुन्हा कोरडा पडतो. महिनोन्‌महिने हेच चालतं. पुठ्ठे वाकडे होतात, बांधणी ढिली पडते. त्यात दारं-खिडक्या लावून कूलर चालवायची सवय असली तर विचारूच नका. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही. पावसाळ्यात ती तशीही राहते. उन्हाळ्यात आपण पैसे खर्चून आणतो.

म्हणून माझी कपाटं कूलरच्या झोतात नाहीत. घराच्या आतल्या भिंतीला आहेत, आणि भिंतीपासून चार बोटं सुटी. बाहेरची भिंत पावसात ओल धरते, आणि पश्चिमेची मे महिन्यात रात्री उशिरापर्यंत गरम राहते. स्वस्त लाकडी लगद्याचा कागद उष्णतेने आणखी लवकर पिवळा पडतो. त्यातलं आम्ल त्याला आतूनच खात असतं. माझ्याकडची काही जुनी पानं आता पापडासारखी मोडतात. त्यांना काही उपाय नाही. ती मी कुणाला देत नाही, स्वतःही जपूनच उघडते.

दुसरा नंबर कौतुकाचा. शाळा उघडल्या की (आपल्या विदर्भात उन्हामुळे त्या बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिराच उघडतात) सगळ्या पुस्तकांना कव्हरं चढतात. खाकी कागदाला माझी ना नाही. पण मोठी माणसं आपल्या आवडत्या पुस्तकाला प्लास्टिक गच्च लावून, कडा चिकटपट्टीने बंद करून ठेवतात, आणि आतली ओल आतच कोंडते. फाटलेल्या पानाला लावलेली चिकटपट्टी तर त्याहून वाईट. काही वर्षांनी प्लास्टिक गळून पडतं आणि डिंकाचा तपकिरी डाग कायमचा राहतो. आमच्या नागपूरच्या महाल भागातले एक बायंडर पातळ कागद आणि खळ एवढ्यावर पान सांधतात. खळीत ते चिमूटभर मोरचूद घालतात, कारण कसर त्या पिठासाठीच येते. अक्षरांशी तिला देणंघेणं नसतं.

कसर लागलेलं एखादंच पुस्तक असेल तर मी ते प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवते. ग्रंथालयंही पुस्तकं गोठवून कीड मारतात, फक्त त्यांची यंत्रं मोठी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर पाणी सुटतं. आमच्या घरी मटारांशेजारी कादंबरी पाहून पाहुणे दचकतात. डांबरगोळ्यांवर मात्र माझा विश्वास नाही. वास पुस्तकांना लागतो, उधईला त्याचं काही नाही.

उधई म्हणजे तिसरा नंबर, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच आहे. ओळखीच्या एका घरी काचेचं बंद कपाट होतं. सोनेरी अक्षरांचे कणे एका ओळीत, कुलूप लावलेलं, किल्ली घरधन्याच्या जानव्याला. हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. एका दिवाळीत रंगकामासाठी कपाट हलवायचं म्हणून पुस्तकं काढायला गेले, तर हातात नुसते कणे आले. मागच्या फळीतून उधई शिरली होती आणि आतला कागद संपवून झाला होता. समोरून काहीच दिसत नव्हतं. उधईला, कसरीला, बुरशीला एकच गोष्ट मानवत नाही: सारखी केलेली हलवाहलव. फिरतं पुस्तक आपोआप झटकलं जातं, उघडलं जातं, उजेड पाहतं. वीस घरी वाचलेल्या पुस्तकाचे कोपरे मऊ होतात, एखाद्या पानावर चहा सांडतो. ते मला चालतं.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक पोथीच्याच तोंडून विनवणी लिहून ठेवत: मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. पहिल्या तिन्ही मी पाळते. चौथीत अडचण अशी की मूर्ख कोण ते पुस्तक परत येईपर्यंत ठरवता येत नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर एकदा तरी पुस्तकांसाठी जा. बाबासाहेबांची विलायतेतून येणारी पुस्तकं १९१७ साली जहाजाबरोबर समुद्रात बुडाली. पुढे त्यांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा मिळावी म्हणूनही. त्यांच्या लेखन-भाषणांचे जाडजूड खंड लोक तिथे विकत घेतात आणि परतीच्या प्रवासासाठी लुगड्याच्या घडीत, चादरीत गुंडाळून बोचक्याच्या मधोमध ठेवतात, म्हणजे कोपरा दुमडायला नको. इतकं जपून नेलेलं ते पुस्तक गावी गेल्यावर कुलपात पडत नाही. मी अशा पुस्तकांच्या जुन्या प्रती पाहिल्या आहेत, दोनदा-तीनदा शिवलेल्या, कडा काळ्या पडलेल्या.

तर न्यायचं असेल तर या, कधीही. वहीत नाव लिहा. पेन्सिलीने खुणा केल्यात तर चालेल, पान दुमडू नका, जिभेला बोट लावून उलटू नका. ऑगस्टमध्ये नेलंत तर स्कूटीच्या डिकीत ठेवून विसरू नका. आणि परत आणताना संत्री आणलीत तर आनंदच आहे, फक्त ती वेगळ्या पिशवीत आणा.